पुण्यात मतदान, मग युक्रेनमध्ये का नाही?

१३ मे २०२४ ला पुण्यात लोकसभेचं मतदान झालं, त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रूपवर सकाळपासून नुसती शाईची बोटं. बरोबर आठवड्याने, २० मेला, झेलेन्स्कीची पाच वर्षं संपली आणि तो खुर्चीवर तसाच, तर खडकीच्या मामांचा मेसेज: "लोकशाहीसाठी लढताय ना, मग निवडणूक का नाही?" त्याखाली चुलतभाऊ: "सैनिकांना विचारा मामा, त्यांना निवडणूक-बिवडणूक काही नको, खंबीर नेता पाहिजे." झालं, दोन दिवस तेच चालू.

आता मी इथे जर्मनीत फिजिओ, आणि युक्रेनचे जखमी सैनिक विमानाने आणून इथल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांत पाठवतात त्यातला एक तेव्हा माझ्याकडेच होता, डावा पाय गुडघ्याखाली नाही. म्हटलं विचारूनच टाकू. थोडं मोडकं जर्मन, बाकी फोनवरचं ट्रान्सलेशन.

तर साहेबांनी २०१९ ला झेलेन्स्कीला मत दिलं होतं, परत देणार नाहीत (मामा खूश). पण आत्ता निवडणूक नकोच (मामा नाराज). का, तर त्याच्या युनिटमधली पोरं खंदकात, मतदानाची रांग म्हणजे ड्रोनला आयतं टार्गेट, आणि त्याचे आईवडील रशियाने घेतलेल्या भागात अडकलेत, त्यांचं मत कोण घेणार? आणि नेत्याचं काय विचारलं तर म्हणे ते राहू दे, मला कृत्रिम पायाचं नवीन लायनर मिळवून दे, ह्यात घाम फार येतो.

मामांचा ठरलेला मुद्दा कारगिल. एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, युद्ध काळजीवाहू सरकारने लढलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मतदान झालंच की! अहो पण मामा, तोवर युद्ध संपलं होतं, आणि ते चालू होतं तेव्हाही द्रासला चालू होतं, खडकीतल्या शाळेत बेंच सरकवून बूथ लावताना डोक्यावर मिसाईल येत नव्हतं. तिकडे युक्रेनमध्ये मार्शल लॉ (युद्धकाळातला लष्करी कायदा) असताना निवडणूक घ्यायला कायद्यानेच बंदी आहे, आणि संसदेची मुदत वाढते ती त्यांच्या घटनेच्या कलम ८३ नुसार. गंमत म्हणजे आपल्याकडे आणीबाणीत लोकसभेची मुदत एकेक वर्ष वाढवायची सोय आहे तीही कलम ८३ मध्येच, आणि १९७६ ला ती वापरली तेव्हा सीमेवर कुठलंही युद्ध चालू नव्हतं. त्यामुळे मामांची शंका मी अगदी उडवून लावत नाही, मुदतवाढीची चटक लागते. तिकडे निदान दर ९० दिवसांनी संसदेला मार्शल लॉ पुन्हा मंजूर करावा लागतो, पण ते कितपत पुरेल, मला शंकाच आहे.

तरी मला त्या सैनिकाचंच पटतं. आणि सैनिकांच्या नावाने बोलणारा आमचा चुलतभाऊ १३ तारखेला होता कुठे, तर वीकेंडला जोडून सुट्टी मिळाली म्हणून महाबळेश्वरला. पुण्यातल्या जवळजवळ निम्म्या मतदारांनी मत दिलंच नाही. मीही नाहीच दिलं म्हणा, आपल्या नियमाप्रमाणे परदेशातल्या मतदाराने स्वतः बूथवर हजर व्हावं लागतं आणि मेमधलं तिकीट मला परवडलं नाही.

हे सगळं ग्रूपवर टाकलं. चुलतभावाचं अवाक्षर नाही. मामांचा रिप्लाय रात्री आला: "लायनर म्हणजे काय गं? आपल्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला विचारून बघू का?"