१ स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, झोप लागली नाही. वाळपईहून फोंड्याला दोन हेलपाटे पडले, जत्रेचं नाटक तोंडावर आणि अ‍ॅम्प्लिफायरची घूं घूं कुठून येते ते शोधायला आमच्याकडून नेलेलं मशीन कामाला न येता ती तशीच राहिली, त्याबद्दल मनापासून सॉरी. काउंटरवर त्यावेळी भाचा होता. तुम्ही "नाटकाच्या साउंडसाठी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर" म्हणालात (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते पडद्यावर दांड्यांनी दाखवणारं मशीन), त्याला वाटलं वायरलेस कॉलर माईकच्या फ्रिक्वेन्सी बघायला हवाय, कारण आमच्याकडून नाटकवाले तो त्याच कामाला नेतात. पीस देण्याआधी त्याने अजून एक प्रश्न विचारायला हवा होता, ती चूक आमची.

पण "पहिल्या दिवसापासून खराब पीस, ० वर एक मोठा दांडा सोडून काही दिसत नाही, बदलूनही देत नाहीत" हे जे लिहिलंत ते फार लागलं. दादा तो दांडा खराबी नाही. अ‍ॅनालायझरच्या आतला स्वतःचाच ऑसिलेटर, म्हणजे सिग्नल तयार करणारा भाग, ० हर्ट्झला गळून दिसतो, दुकानातला दुसरा कुठलाही पीस लावा, त्यातही दिसणार, लाखाच्या मशीनमध्येपण दिसतो. हा छोटा पीस १०० किलोहर्ट्झपासून पुढे मोजतो, खोक्यावर छापलंय, आणि कानाला ऐकू येतं ते २० किलोहर्ट्झपर्यंतच. त्याची सगळ्यात बारीक चाळणी ३ किलोहर्ट्झची, म्हणजे त्याहून जवळचे सिग्नल एकत्रच दिसतात, त्यातून घूं घूंचे ५० आणि १०० हर्ट्झ वेगळे कसे पडणार? सिग्लेंट कंपनीचा एसएसए ३०२१एक्स घेतलात, जो याच्या कितीतरी पट महाग, तरी तो ९ किलोहर्ट्झला सुरू होतो. रेडिओच्या कामाची वस्तू आहे ही.

आणि बदलून का दिला नाही ते तुम्ही लिहिलंच नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. तुम्ही परत आणलात तेव्हा मी स्वतः तुमच्यासमोर लावून बघितला, सिग्नल दिला तरी पडद्यावरची रेघ खाली सपाट, इनपुट गेलेला. मी विचारलं कशाला जोडला होता, तुम्ही म्हणालात अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर आउटला डायरेक्ट. १०० वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमवर फुल चालला की २८ व्होल्ट येतात, आणि या पीसची मर्यादा १० मिलिवॉट, म्हणजे ५० ओहमवर जेमतेम ०.७ व्होल्ट. चाळीस पट झाले. मग कंपनी वॉरंटीत घेत नाही आणि तो पीस माझ्या खिशातून जातो. छोटं दुकान आहे, एका पीसमागे किती सुटतं ते मलाच माहीत. तरी मी अर्ध्या किमतीत दुसरा देतो म्हणालो होतो, तुम्ही ऐकून न घेता गेलात. नंतर चार वेळा फोन केला, उचलला नाहीत.

दुकान बंद होतं म्हणालात तर दुपारी १ ते ४ बंद असतं, फोंड्यात बहुतेक सगळ्यांचंच असतं, पाटीवरही लिहिलंय.

तुमच्या कामाला खरं तर काही विकत घ्यायची गरजच नव्हती, मी असतो तर तेच सांगितलं असतं. लॅपटॉपला २४ बिटचं साउंड कार्ड लावा, ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर ४८ किलोहर्ट्झपर्यंत दिसतं, आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्पीकर आउटवरून घ्यायचं असेल तर मध्ये २२के आणि १केचे (२२ हजार आणि १ हजार ओहमचे) रेझिस्टर लावून व्होल्टेज तेविसाव्या हिश्श्यावर आणा, आणि अ‍ॅम्प ब्रिजमध्ये (दोन चॅनल मिळून एकाच स्पीकरला) चालवत असाल तर तसं जोडू नका, आधी मला विचारा. मग ५० हर्ट्झचा दांडा मोठा आला तर अर्थिंगचा लूप किंवा केबल बघायची, १००चा मोठा आला तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत असं पहिलं धरायचं. तुमचा अ‍ॅम्प जुना आहे, मला १००चाच संशय येतो.

यापुढे कशासाठी हवंय ते विचारूनच द्यायचं असं भाच्याला सांगितलंय, काउंटरवर तसा कागदही लावतो, परत घेण्याचं काय करायचं तेपण बघतो.

रविवार सोडून कधीही ४ नंतर अ‍ॅम्प घेऊन या, कपॅसिटर मी स्वतः तपासून देईन, त्याचे पैसे नकोत. स्टार वाढवा असं म्हणत नाही, पण "खराब पीस" हे दोन शब्द तेवढे काढा दादा, २२ वर्षं या दुकानात बसतोय, खराब माल माहीत असून कुणाच्या हातात दिलेला नाही.