ती टपालगाडी रत्नागिरीची नाही

रत्नागिरी, चिपळूण, देवगडपासून मुंबईतल्या चाकरमान्यांच्या गटांपर्यंत व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत फिरते आहे. मातीच्या रस्त्यावरून चारचाकी, बंद घोडागाडी येते, गाडीवान बसल्या जागेवरून रस्त्याकडेच्या खांबावरील पेटीत टपाल टाकतो आणि पुढच्या तुकड्यात धावत्या आगगाडीच्या डब्याला लावलेला आकडा टपालाची पिशवी उचलून घेतो. सोबतच्या मजकुरात म्हटले आहे की हे १९०३ सालचे रत्नागिरीच्या वेशीवरील टपालवाटप आहे, भारतातले हे पहिले चलच्चित्रण आहे, रंग आणि आवाज मूळचेच आहेत, ही फीत एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पेटाऱ्यात सापडली आणि त्या काळी मुंबईचे पत्र दुसऱ्या दिवशी कोकणातल्या घरी पोचत असे. यातले साल तेवढे खरे मानायला हरकत नाही.

आगगाडीचा तुकडा जोडणाऱ्याने आपल्याच दाव्याचे काम बिघडवले आहे. १९०३ साली रत्नागिरीला रेल्वे नव्हती. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला तो जानेवारी १९९८ मध्ये, आणि १९०३ मध्ये रत्नागिरीकराला रूळ पाहायचे तर घाट चढून कोल्हापूर गाठावे लागे. रुळांच्या कडेला खांबावर दोन आडव्या बाह्यांमध्ये मधोमध आवळलेली पिशवी टांगायची आणि टपालडब्याचा लोखंडी हात ती न थांबता खेचून घेणार, ही अमेरिकेतल्या रेल्वे टपालसेवेची ओळखीची पद्धत आहे. अमेरिकन म्यूटोस्कोप अँड बायोग्राफ या कंपनीने १९०३ साली तिथल्या टपालखात्याच्या कामाच्या अनेक छोट्या फिती वॉशिंग्टन शहरात आणि त्याच्या भोवतालच्या परिसरात घेतल्या. त्यात खेड्यातल्या गाडीने टपाल देण्याची फीत आहे आणि आगगाडीने पिशवी उचलण्याचीही आहे, आणि त्यांच्या शीर्षकांच्या शेवटी यू. एस. पी. ओ., म्हणजे अमेरिकेचे टपालखाते, ही अक्षरे आहेत. फिरणाऱ्या चित्रफितीला अर्थातच शीर्षक नाही. काहींनी घोडागाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने जाते, हाही पुरावा म्हणून मांडला आहे. तो मी वापरणार नाही, कारण चित्र उलटे करणे आज कोणालाही जमते आणि मातीच्या एकेरी रस्त्यावर गाडीवान कोणत्याही अंगाने हाकतो.

आता त्या पेटीकडे पाहू, कारण खरा मुद्दा तिच्यात आहे. अमेरिकेत १८९६ पर्यंत शेतकऱ्याला आपले पत्र आणायला गावच्या टपालकचेरीत जावे लागे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वेस्ट व्हर्जिनियात घरपोच ग्रामीण टपालाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ मध्ये तो कायम करण्यात आला. नेमून दिलेल्या फेरीवर वाटप करणारा स्वतःचा घोडा आणि स्वतःची गाडी घेऊन निघे. त्याला प्रत्येक घरासाठी खाली उतरावे लागू नये म्हणून शेतकऱ्याने आपल्या खर्चाने रस्त्यालगत, गाडीतून हात पोचेल अशा ठिकाणी पेटी लावायची असे. शेताच्या तोंडाशी गाडीरस्ता, त्यावर एकमेकांपासून लांब असलेली घरे आणि बहुतांश कागदी टपाल, एवढे जमले तरच ही व्यवस्था चालते.

कोकणात यातले काय होते? इथली वाडी रस्त्यावर नसून उतारावर असते, तिच्याकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून), पऱ्ह्यावरच्या (ओढ्यावरच्या) साकवावरून आणि जांभ्याच्या पायऱ्यांवरून जाते, आणि अशा वाटेवर चारचाकी बंद गाडी सोडाच, बैलगाडीसुद्धा दारापर्यंत येत नसे. तरीही रस्ता हे दुय्यम कारण झाले. १८८० साली मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले आणि गिरण्यांत, गोदीत राबणाऱ्या माणसांचा पैसा त्याच वाटेने गावी येऊ लागला. हा पैसा रस्त्याकडेच्या पेटीत टाकता येत नाही. पोस्टमन ओटीवर बसायचा, रुपये मोजून द्यायचा, सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा, शेजाऱ्याला साक्षीला बोलवायचा आणि पुष्कळदा कुपनावरच्या दोन ओळीही त्यालाच वाचून दाखवाव्या लागत. चित्रफितीतला गाडीवान घरातल्या कोणाचे तोंडही न पाहता पुढे निघून जातो. ज्या प्रदेशाचे घरखर्च मनीऑर्डरवर चालत होते, तिथले टपालवाटप असे दिसणे शक्य नव्हते, हे कोकणातल्या वाचकाला तरी वेगळे सांगायला नको होते.

‘भारतातले पहिले चलच्चित्रण’ हा दावा तारखांपुढे टिकत नाही. ल्यूमिएर बंधूंच्या फिती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवल्या गेल्या. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, आणि केंब्रिजहून सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या १९०१ मधल्या स्वागताचेही केले. कोकणाला सिनेमाच्या आरंभाशी नाते हवेच असेल तर ते इथे आहे: रँग्लर परांजपे दापोलीजवळच्या मुर्डी गावचे.

रंग आणि आवाज यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. १९०३ ची फीत मूक आणि कृष्णधवल असते. हाताने किंवा रसायनाने रंगवलेल्या फिती होत्या, पण त्यांत गवत, घोडा आणि कातडी यांचे असे स्वाभाविक रंग दिसत नाहीत. इथले रंग आणि नितळ हालचाल ही संगणकाची भर आहे. आवाज तर कोणीतरी घुंगरांचा लावला आहे. घुंगरे असत ती आपल्याकडच्या पायी धावणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीला किंवा भाल्याला, आणि ज्याने तो आवाज निवडला त्याला हे माहीत असावे, असा माझा संशय आहे.

दुसऱ्या दिवशी पत्र पोचण्याची गोष्टही कोकणच्या नकाशावर बसत नाही. उघडीप असताना टपाल मुंबईहून आगबोटीने येई, पण हर्णैसारख्या ठिकाणी बोट समुद्रातच नांगर टाकून उभी राही, पोती पडावात उतरत, किनाऱ्यावर येत आणि तिथून खाडी-डोंगर ओलांडत गावोगाव जात. बंदराच्या गावाला पत्र लवकर मिळत असेलही. घाटाखालच्या वाडीला नाही. पावसाळ्यात तर बोटी बंद पडत आणि टपालाला घाटावरून फिरून यावे लागे. आजच्या टपालसेवेबद्दल तक्रारी जरूर कराव्यात, पण त्यासाठी १९०३ चे वेगवान कोकण उभे करण्याचे कारण नाही.

राहिला इंग्रज अधिकाऱ्याचा पेटारा. अमेरिकेच्या कायद्यात १९१२ पर्यंत चलच्चित्रांसाठी स्वतंत्र नोंदणीच नव्हती. छायाचित्रांची मात्र होती. म्हणून कंपन्या अख्खी फीत चौकटीमागून चौकट कागदाच्या लांब गुंडाळीवर छापून छायाचित्रे म्हणून दाखल करत. मूळ फिती सहज पेट घेणाऱ्या नायट्रेटच्या होत्या; त्या पुष्कळशा कुजल्या किंवा जळाल्या, कागद टिकला, आणि पुढे त्यावरून तीन हजारांहून अधिक चित्रपट पुन्हा फितीवर उतरवण्यात आले. हा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. टपालखात्याच्या फितींवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, आणि या फिती त्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर रंगाविना, आवाजाविना, मूळ शीर्षकासह कोणालाही पाहता येतात.