बाबाने मुलीला कुठे न्यायचं?

रविवारचं सांगतो. तसं म्हटलं तर काही मोठं घडलं नाही, सगळे सुखरूप घरी आलो. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. थोडं लांबेल.

हिची रविवारी सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी होती. नर्सच्या नोकरीत रविवार वगैरे काही नसतं. आणि थोरलीने दिवाळीपासून पेंग्विनचा धोशा लावला होता. पहिलीत आहे, सहा पूर्ण. धाकटा अडीच वर्षांचा. आई म्हणाली, "चल, मी येते. दोघांना घेऊन एकटा कुठे जातोस?" आईचे गुडघे दुखतात, तरी ती निघाली. पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी केली आणि लिंबाचं गोड लोणचं छोट्या बरणीत भरून घेतलं.

डोंबिवलीला गाडीत चढतानाच पहिला प्रसंग. धाकटा माझ्या कडेवर, मागून रेटा आला आणि त्याच्या उजव्या पायातली चप्पल गाडी आणि फलाटाच्या मधल्या फटीत गेली. नवीन होती, चालताना लाल दिवा लागणारी. तो रडला नाही, नुसता खाली वाकून बघत राहिला. "चप्पल गाडीखाली झोपली," असं थोरलीने त्याला समजावलं आणि त्याला ते पटलं. ठाण्यापर्यंत तो समोरच्या प्रत्येक माणसाला ही बातमी देत होता.

घाटकोपर गेल्यावर लोणच्याचा वास यायला लागला. बरणीचं झाकण सैल राहिलं होतं. पिशवी उघडली तर वरचा डबा ठीक, पण तळाशी ठेवलेले धाकट्याचे जादा कपडे पाकाने माखलेले. दोन चड्ड्या, एक पँट, एक बनियन. आईला फार लागलं ते. "मीच बंद केलं होतं रे झाकण," असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, "असू दे गं, पुऱ्या वाचल्या ना." भायखळ्याला उतरून स्टेशनातल्या बाकावर बसून त्या खाल्ल्या. हे स्टेशन नीट बघण्यासारखं आहे. जुन्या दगडी इमारतीची डागडुजी इतकी मन लावून केली आहे की २०२२ साली युनेस्कोच्या वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. थोरलीने मान वर करून सगळं छत न्याहाळलं.

राणीच्या बागेत मी लहानपणी बाबांबरोबर यायचो. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण आमच्या घरात अजून राणीची बागच. १८६०च्या दशकातली ही बाग. त्या दिवशी तिकीट मोठ्यांना ५० आणि मुलांना २५ रुपये होतं. हे मुद्दाम सांगतोय. या शहरात साध्या नोकरदार माणसाने मुलांना घेऊन दिवस घालवावा अशा जागा फार उरल्या नाहीत. मॉलमध्ये एका खेळाला इथल्यापेक्षा जास्त पैसे जातात आणि मूल तिथे झाड बघत नाही. इथे गोरखचिंचेच्या खोडाला तिघांनी हात लावून कवेत घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. अशी बाग टिकली पाहिजे, तिच्यावर महापालिकेने खर्च केला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पेंग्विनच्या रांगेत धाकट्याने पँट ओली केली. महिनाभरापूर्वी त्याचा दिवसाचा डायपर सोडवला आहे, एरवी तो सांगतो. रांगेत माणसं बघण्यात विसरला. बदलायला लोणच्याच्या कपड्यांशिवाय काही नाही. आईने एक शब्द न बोलता खांद्यावरचा सुती पंचा काढला, बाकावर बसून त्याला समोर उभं केलं आणि दोन मिनिटांत असा घट्ट लंगोट बांधला की संध्याकाळपर्यंत सुटला नाही. वर तिची शाल, कारण आत एसीचा गारठा. एक चप्पल, लंगोट आणि शाल अशा वेशात तो काचेला नाक लावून उभा होता आणि पेंग्विन सुळकन पाण्यात शिरला की टाळ्या वाजवत होता.

हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचे. २०१६ मध्ये सोलहून आठ आणले, पुढच्या वर्षी लोकांना बघायला मिळाले. थोरलीला मी सांगितलं की यांच्यात अंडी आई-बाबा दोघं आळीपाळीने उबवतात. तिने लगेच विचारलं, "म्हणजे आई ड्युटीवर असली की बाबा बसतो?" हो म्हटलं.

बाहेर पडताना आईला बसायला हवं होतं. म्युझियमच्या आवारात तो दगडी हत्ती आहे ना, त्याच्याजवळ थांबलो. घारापुरीचा हा हत्ती, त्याच्यावरूनच एलिफंटा हे नाव पडलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना साखळदंड तुटून त्याचे तुकडे झाले, ते तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये जोडले. थोरलीला सांधे दाखवले. "याचे पण गुडघे दुखत असतील," असं ती आजीला म्हणाली.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते.

दोन वाजता भूक लागली म्हणून परतीच्या वाटेवरच्या एका हॉटेलात शिरलो. नाव लिहीत नाही, कारण नव्वद टक्के ठिकाणी हेच आहे. मिसळ, चहा, मुलांना इडली मागवली. थोरली माझ्या कानात म्हणाली, "बाबा, शूला." एरवी अशा वेळी आजी नेते. पण टॉयलेट पोटमाळ्यावर आणि वर जायला लोखंडी उभा जिना. आईने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कठड्याला धरून जोर लावला आणि डोळे मिटून घेतले. गुडघा वर जाईना. धाकट्याला तिच्याजवळ बसवलं आणि मीच थोरलीला घेऊन वर गेलो.

वर दोन दारं. एकावर पुरुष, एकावर महिला. त्या दोन दारांच्या मध्ये मी माझ्या मुलीचा हात धरून उभा राहिलो आणि मला कुठेच जाता येईना.

पुरुषांच्या बाजूला न्यावं, असं कोणी म्हणेल. ती चार वर्षांची होईपर्यंत मी तेच केलं. उचलून घ्यायचो, तोंड खांद्यावर दाबून धरायला सांगायचो आणि उघड्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या मागून आतल्या संडासापर्यंत जायचो. आता ती सहा वर्षांची आहे. तिला कळतं. गेल्या वर्षी एका प्रवासात तिनेच सांगितलं, "बाबा, तिथे नको." शाळेत तिला चांगला आणि वाईट स्पर्श शिकवतात, आपलं अंग आपलं असतं हे शिकवतात. ती ते पाळते. मग मीच तिला ओढून तिथे कसं नेऊ? आणि महिलांच्या बाजूला मी गेलो तर आतल्या बाईने ओरडलंच पाहिजे. मी तिच्या जागी असतो तर मीही ओरडलो असतो.

तिने पायाला पाय घट्ट लावले होते. माझं बोट धरलेलं, ते ती पिळत होती. खालून भांडी घासणाऱ्या एक मावशी पाण्याची बादली घेऊन वर आल्या. आमच्याकडे बघितलं, सगळं समजल्या. "द्या भाऊ, मी नेते तिला."

खरं सांगतो, त्या क्षणी मी गप्प झालो. बाई भल्या दिसत होत्या, भल्याच होत्या. पण अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही हे मीच तिला रोज सांगतो. दुसरा इलाज नव्हता. मी खाली बसून तिला म्हटलं, "मी इथेच दाराशी आहे. तू आतून मोठ्याने बेचा पाढा म्हण, मला ऐकू येऊ दे." ती गेली. आतून आवाज यायला लागला. बे एके बे, बे दुणे चार. बे साती चौदाला थांबली. तेवढ्या वेळात मी दारावर हात ठेवला होता. मग पाणी ओतल्याचा आवाज आणि बे आठे सोळा. बे दाही वीस म्हणतच ती बाहेर आली, हात ओले, फ्रॉक मावशींनी नीट केलेला. मी त्यांना नमस्कार केला. "लेकरू आहे हो, त्यात काय," म्हणून त्या बादली घेऊन निघून गेल्या.

त्या मावशी त्या वेळी वर आल्या नसत्या तर?

आपल्याकडे यावर काहीच झालं नाही असं नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत, तान्ह्या बाळाच्या आईला आडोसा मिळावा म्हणून. फार चांगली कल्पना, आणि नाव तर किती चपखल. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावणारी हिरकणी आपल्या प्रत्येकाच्या मनात आहे. मुंबईत २०११ पासून बायकांनी राइट टू पीची चळवळ चालवली, साध्या मुतारीसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्या मागणीपुढे माझी मागणी ठेवत नाही, तिच्या शेजारी ठेवतो. घरं बदलली आहेत. शिफ्टच्या नोकऱ्या आहेत, मुलांना लसीला, शाळेत, बागेत बाप नेतोय. काही घरांत बाप एकटाच आहे. पण दारावरच्या पाट्या अजून असंच धरून चालतात की मुलाबरोबर आई असणारच.

आणि हे मुलांपुरतंही नाही. माझ्या एका मित्राच्या आईला अर्धांगवायू झाला आहे. दर महिन्याला तो तिला तपासणीला नेतो आणि वाटेत गरज पडली की कुठल्या तरी अनोळखी बाईला हात जोडतो, "जरा आईला धरता का?" पंचेचाळीस वर्षांचा माणूस. सख्ख्या आईला धरायला त्याला आत जाता येत नाही. उद्या माझ्या आईचा गुडघा अजून बिघडला की मीही तिथेच उभा असेन.

यावर ठरलेलं उत्तर येतं की जागा कुठे आहे. जागा आहे. कित्येक ठिकाणी अपंगांसाठी वेगळं टॉयलेट बांधलेलं असतं आणि त्याला कुलूप लावून आत झाडू, फिनेलचे कॅन, मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात. ते कुलूप काढा. पाटीवर पुरुष नाही, महिला नाही, 'कुटुंबासाठी' असं लिहा. व्हीलचेअरवरचा माणूस, आजीला धरून आलेला नातू, मुलीला घेऊन आलेला बाप, सगळ्यांना ते चालेल. अमेरिकेत २०१६ साली कायदा झाला की केंद्र सरकारच्या, लोकांना खुल्या असलेल्या इमारतींत बाळाचे कपडे बदलायची सोय पुरुषांच्या स्वच्छतागृहातही हवी. आपल्याला निदान नवीन बांधकामाच्या नियमात एवढी एक ओळ घालता येईल.

परतताना मेगाब्लॉकमुळे गाडी भरून आली होती. एका कॉलेजच्या मुलाने आईला जागा दिली, दोन्ही मुलं तिच्या मांडीवर झोपली. रात्री ही आली, तिने दारातली एक चप्पल बघितली आणि दुसरी शोधायला लागली. थोरलीने उठून सगळं क्रमाने सांगितलं. पाढ्याची गोष्ट आली तेव्हा हिने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही, ताट वाढून घेतलं.

काल मी आमच्या वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला. दीड पानाचा आहे. मागणी एकच: बाग, दवाखाना आणि बाजार अशा प्रत्येक ठिकाणी एक खोली, आतून कडी, कमोड, भिंतीला धरायला दांडा, नळ, बाळाला झोपवता येईल असा कंबरेइतका ओटा आणि पिशवी अडकवायला खुंटी. जिना चढावा लागू नये. पोच घेतली आहे, पंधरा दिवसांनी परत जाणार आहे. कोणाला आपल्या गावात द्यायचा असेल तर अर्ज पाठवतो, गावाचं नाव तेवढं बदलून घ्या.