ती ठिपक्यांची पाल विषारी नाही, मारू नका

बीडकडच्या ग्रुपवर फोटो फिरतोय की दगडाखाली सापडणारी ही ठिपक्याठिपक्याची पाल चावली तर माणूस जागेवर जातो, हे साफ खोटं आहे. ती बिबट्या पाल आहे, आणि आपल्या देशात विषारी पाल एकही नाही. दिवसभर डोंगरात दगडांच्या फटीत बसते, रात्री किडे खायला निघते, भिंतीवर तर तिला चढताच येत नाही कारण बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, नुसती नखं. नीट बघा, घरातल्या पालीला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात, हिला आहेत, डोळे मिटते बिचारी. आणि त्या जाड शेपटीत विष नाही हो, चरबी असते, खायला मिळालं नाही की त्यावर दिवस काढते. डिवचलं तर अंग उचलून शेपटी हलवते, ते घाबरून. बांधावर दगड हलवताना दिसली तर जाऊ द्या तिला.