प्रिंटर जोडला जात नाही म्हणून राउटर रीसेट करू नका

गेले काही आठवडे लातूरमधील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून घरच्या वायफाय प्रिंटरविषयी एक लांबलचक संदेश फिरतो आहे. प्रिंटर नेटला जोडला जात नसेल तर काय करावे, याची सहा उत्तरे त्यात दिली आहेत. नेटचा वेग कमी पडतो, म्हणून मोठा प्लॅन घ्या. राउटरच्या मागच्या छिद्रात पिन घालून तो रीसेट करा. प्रिंटर नेहमी राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफाय लहरीवरच जोडा. संगणकाचा फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारे संरक्षण) कायमचा बंद ठेवा. तरीही न जमल्यास गूगलवर कस्टमर केअरचा क्रमांक शोधा आणि ते सांगतील ते अ‍ॅप मोबाइलमध्ये घ्या. आणि तेही फसले तर वायफाय कार्ड जळाले असे समजून नवा प्रिंटर आणा. यांतला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही आणि दोन तर उघड नुकसान करणारे आहेत. आमच्या शेजारच्या घरात हा संदेश वाचून राउटर रीसेट केला गेला आणि प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी त्यांचे इंटरनेटच बंद पडले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वेगाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या संदेशात लक्षातच घेतलेले नाही. लॅपटॉपवरून निघालेले पान राउटरकडे जाते आणि तिथून प्रिंटरकडे येते. ते घराबाहेर पडतच नाही. रस्त्याच्या कामात फायबरची तार तुटली, तरी राउटरला वीज आहे तोवर घरातल्या घरात प्रिंट निघायला हवी. इंटरनेट लागते ते बाहेरगावाहून प्रिंट पाठवण्यासाठी, प्रिंटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी, काही मॉडेलांच्या पहिल्या जोडणीसाठी आणि शाईच्या मासिक योजनेत घेतलेल्या प्रिंटरांसाठी. पण त्या कामांनाही साधा प्लॅन पुरतो. जुना प्रिंटर गूगलच्या क्लाउड प्रिंट सेवेवरून चालत असेल, तर ती सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजीच बंद झाली आहे आणि कितीही महागडा प्लॅन घेतला तरी तो मार्ग पुन्हा उघडणार नाही.

रीसेटचा सल्ला मात्र सर्वांत घातक आहे. राउटर बंद करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट. त्याने काहीही पुसले जात नाही. छिद्रातले बटण दाबून धरले की राउटरमध्ये साठवलेली सगळी माहिती जाते: वायफायचे नाव, पासवर्ड आणि, अनेक फायबर जोडण्यांमध्ये, इंटरनेट पुरवठादाराने भरून दिलेले युजरनेम आणि पासवर्डही. ही शेवटची माहिती ग्राहकाकडे बहुधा लिहून ठेवलेली नसते, त्यामुळे गावातला केबलवाला किंवा कंपनीचा माणूस येऊन ती पुन्हा भरेपर्यंत घरातले नेट बंद राहते. शिवाय वायफायचे नाव बदलल्यामुळे मोबाइल, टीव्ही, कॅमेरे हे सगळे नव्याने जोडावे लागते, आणि ज्या प्रिंटरसाठी हा खटाटोप केला तो जुनेच नाव लक्षात ठेवून बसलेला असतो.

मुळात बिघाड राउटरमध्ये साठवलेल्या माहितीत क्वचितच असतो. आमच्या भागात या तक्रारीचे नेहमीचे कारण, माझ्या पाहण्यात तरी, लाइट जाणे हे आहे. लाइट परत आली की प्रिंटर आणि राउटर एकाच क्षणी सुरू होतात. प्रिंटर लगेच तयार होतो, पण फायबरच्या राउटरला सावरायला दोन-तीन मिनिटे लागू शकतात. तेवढ्यात प्रिंटर वायफाय शोधतो, त्याला ते सापडत नाही आणि काही मॉडेले पुन्हा शोधायचे सोडूनच देतात. म्हणून आधी राउटर चालू करावा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मगच प्रिंटरचे बटण दाबावे. राउटर इन्व्हर्टरवर घेता आला तर हा प्रश्न बऱ्याच अंशी उद्भवतच नाही.

लाइट गेल्यानंतरची दुसरी अडचण अधिक फसवी आहे. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर प्रिंटरला तोच पत्ता मिळेल याची खात्री नसते. संगणकात मात्र जुना पत्ता नोंदलेला असू शकतो, आणि मग तो आलेले प्रत्येक पान जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो. पडद्यावर ‘ऑफलाइन’ असे दिसते, पण प्रिंटर व्यवस्थित जोडलेला असतो. अशा वेळी प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्कची माहिती देणारे पान छापून घ्यावे. त्यावरचा पत्ता आणि संगणकातला पत्ता वेगळे असतील, तर प्रिंटर संगणकातून काढून पुन्हा जोडावा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी तो पत्ता कायमचा राखून ठेवावा. हे एकदा केले की पुढे लाइट कितीदा गेली तरी पत्ता बदलत नाही. छापलेल्या पानावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मात्र प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे.

५ गिगाहर्ट्झचा सल्ला बहुतेक घरांत उलटा आहे. घरगुती वापराचे कितीतरी प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच पकडतात आणि त्यांच्या यादीत ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसतही नाही. ज्यांना ते पकडता येते, त्यांच्यासाठीही आपल्याकडची घरे विचारात घ्यायला हवीत: जुन्या माळवदाच्या घरांतल्या दगडमातीच्या जाड भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ पेक्षा लवकर क्षीण होते, आणि मध्ये पत्र्याची भिंत आली तर दोन्ही अडतात. एका पानाच्या छपाईला त्या जास्तीच्या वेगाचा उपयोगही नाही. नवा राउटर घेतल्यावर जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल, तर कारण सुरक्षेच्या प्रकारात असू शकते. डब्ल्यूपीए-३ हा प्रकार २०१८ साली आला आणि त्याआधीचे प्रिंटर सहसा डब्ल्यूपीए-२ वरच चालतात; राउटर दोन्हींच्या मिश्र प्रकारावर ठेवला की काम भागते. वरच्या मजल्यासाठी घेतलेला दुसरा राउटर हेही एक कारण असते, कारण प्रिंटर एकावर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असला तर ते एकमेकांना दिसतीलच असे नाही. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या प्रकारात लावावा, म्हणजे तो वेगळे जाळे न करता पहिल्याचेच जाळे पुढे नेतो. प्रिंटर पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर तर जोडूच नये. तिथे उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते.

फायरवॉलच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, कारण तो प्रिंटरचा शोध अडवू शकतो. पण त्यासाठी तो कायमचा बंद ठेवणे म्हणजे कुलूप अडकते म्हणून दार उघडे टाकून झोपणे. विंडोजमध्ये घरचे वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल, तर ते ‘प्रायव्हेट’ करावे. एवढ्याने प्रिंटर बहुधा दिसू लागतो. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारे सॉफ्टवेअर) चालू असेल तर तेही बंद करून पाहावे.

कस्टमर केअरच्या मुद्द्यावर मला कळकळीने सांगायचे आहे. शोधयंत्रात वर दिसणारा क्रमांक कंपनीचाच असतो असे नाही. फसवणूक करणारे असे क्रमांक मुद्दाम पेरून ठेवतात. त्यांनी सांगितलेले अ‍ॅप घेतले की मोबाइलचा पडदा त्यांना दिसतो, आणि ‘दहा रुपये नोंदणी शुल्क’ भरताना टाकलेला पिन किंवा आलेला ओटीपीही दिसतो. प्रिंटर जोडण्यासाठी बँकेची कोणतीही माहिती लागत नाही. क्रमांक हवाच असेल तर तो खोक्यावरून, माहितीपुस्तिकेतून किंवा कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून घ्यावा. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

वायफाय कार्ड जळाले की नाही, हे ओळखायला नवा प्रिंटर आणावा लागत नाही. अनेक प्रिंटर स्वतःचे छोटे वायफाय प्रसारित करतात आणि त्याचे नाव बहुधा ‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होते. राउटर बाजूला ठेवून मोबाइल थेट त्याला जोडावा आणि एक पान छापून पाहावे. पान निघाले तर कार्ड शाबूत आहे आणि दोष राउटरच्या बाजूला शोधायचा आहे. ही सोय चालू करूनही नाव कुठल्याच मोबाइलवर दिसत नसेल, तर कार्डाविषयी शंका घ्यायला जागा आहे. पण तेव्हाही यूएसबी केबलने पान निघत असेल, तर तो प्रिंटर त्या केबलवर चालवता येतो.