मंगळवारी वेरूळ बंद असतं, एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं?

दोन दिवस झाले घरी येऊन, तरी डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसलेय.

वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात. अजिंठा दर सोमवारी. छत्रपती संभाजीनगरातल्या रिक्षावाल्याला हे माहीत आहे, लॉजवाल्याला माहीत आहे, गाडीवाल्याला माहीत आहे, चहाच्या टपरीवर कप विसळणाऱ्या पोरालासुद्धा माहीत आहे. माहीत नव्हतं ते आम्हा दोघांना. आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी आमच्याकडून पैसे मोजून घेतले आणि आम्हाला मंगळवारीच वेरूळला नेलं.

आमच्या लग्नाला १९ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं मिळून गावाबाहेर पडलो ते लग्नकार्याला, दवाखान्याला, दोनदा तुळजापूरला आणि एकदा पंढरपूरला. नुसतं फिरायला, डोळे भरून काही बघायला म्हणून एकदाही नाही. यंदा सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, जाऊबाई म्हणाल्या दोन दिवस म्हशीची धार मी काढते. मग हेच आपणहून म्हणाले, "चल, संभाजीनगरला जाऊन येऊ. तुला ते कैलास बघायचंय ना?"

१९ वर्षांपूर्वी कधीतरी मी बोलले असेन. ह्यांच्या ध्यानात होतं. शाळेत असताना गुरुजींनी कैलास लेण्याचं चित्र दाखवून सांगितलं होतं की हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय. आधी कळस, मग खांब, मग पाया. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, १६ नंबरचं लेणं. मला अजून तोंडपाठ आहे. एकूण ३४ लेणी, बौद्ध, हिंदू, जैन तिन्ही एकाच डोंगरात, आणि १९८३ पासून जागतिक वारसा. साऱ्या जगातून माणसं येतात तिथं, आणि आम्ही मराठवाड्यातच जन्मलो तरी पाहिलं नव्हतं.

सोमवारी पहाटे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, जिंतूरहून एसटी धरली. माझं अर्धं तिकीट. शहरात उतरलो तर गर्दी म्हणजे काय सांगू, गाड्यांना खळच नाही. क्रांती चौकात रस्ता ओलांडायला आम्ही दहा मिनिटं उभे होतो. मग ह्यांनी माझा हात धरला आणि घेऊन निघाले. भर रस्त्यात, लोकांसमोर, पहिल्यांदाच. संध्याकाळी बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाच्या बायकोची, दिलरास बानूची कबर. ऊन उतरताना तो पांढरा घुमट इतका सुंदर दिसला की आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता कट्ट्यावर बसून राहिलो. तो दिवस चांगला गेला, हे मी मुद्दाम लिहितेय. शहराला मी नावं ठेवत नाही.

रात्री लॉजवर परत आलो आणि काउंटरवरच्या माणसाला ह्यांनी विचारलं, "उद्या वेरूळला जायचंय, गाडी भेटंल का?"

"भेटंल की. दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, पाणचक्की, समदं फिरवून आणतो. २४०० होतील, हजार आत्ता द्या."

ह्यांनी हजार दिले. त्या माणसानं डायरी उघडली. मी काउंटरला टेकून उभी होते, मला पान स्पष्ट दिसत होतं. पानावर वर ठळक अक्षरात 'मंगळवार' छापलेलं होतं, आणि त्याच्याच खाली त्यानं निळ्या पेनानं लिहिलं, 'वेरूळ, २ माणसं, हजार जमा'. मंगळवारच्या खाली वेरूळ! स्वतःच्या हातानं लिहिताना त्याचा हात थांबला नाही. "साहेब, उद्या वेरूळ बंद असतं" एवढं बोलायला त्याला किती वेळ लागला असता? लिहायला लागला त्याच्यापेक्षा कमीच.

२४०० म्हणजे आमचं अर्ध्या क्विंटलपेक्षा जास्त सोयाबीन हो! कुठल्या चिखलातून ते निघालं ते आमचं आम्हाला माहीत.

मंगळवारी सकाळी गाडी आली. आधी दौलताबाद. यादवांची देवगिरी. खाली चांद मिनार, मेंढा तोफ, आणि वर जाताना ती अंधारी, शत्रू आत शिरला की जिथं त्याचा घात व्हायचा, असं ऐकलेलं. मला ती अंधारी बघायची होती. गाडीवाला म्हणाला, "अर्ध्या तासात या ताई, नाहीतर पुढं वेरूळला उशीर होईल." नीट वाचा हे वाक्य. वेरूळला उशीर होईल. वेरूळ बंद आहे हे पोटात ठेवून तो आम्हाला वेरूळचीच घाई लावत होता! आम्ही भोळे, चांद मिनार बघून धावत परत आलो. अंधारी राहिली.

घाई कशाची होती ते लगेच कळलं. गाडी एका मोठ्या दुकानापुढं उभी. "इथं पैठणी अन् हिमरू कसं विणतात ते दाखवतात, फुकट असतं, बघून घ्या." दारातल्या पोरानं आधी गाडीचा नंबर वहीत उतरवून घेतला, मग आम्हाला आत घेतलं. आत एक माग, त्यावर एक म्हातारा बसलेला. त्याचे हात कसे चालत होते ते मला खरंच बघायचं होतं, पण दोन मिनिटंसुद्धा उभं राहू दिलं नाही, वरच्या मजल्यावर चला म्हणाले. तिथं गादीवर बसवलं, पाणी दिलं, आणि एकामागून एक साड्या उलगडायला सुरुवात. मी नको नको म्हणतेय तोवर एकीनं माझ्या खांद्यावर पदर टाकलासुद्धा. "१८ हजार फक्त. दादा, ताईंना एकदाच घ्यायचीय ना?" ह्यांच्या तोंडाकडं बघवेना. १८ हजार खिशात असलेला माणूस दशम्या बांधून फिरतो का? मला साडी नको होती, मला कैलास बघायचं होतं. पण त्या बाईनं पदर टाकून माझ्या नवऱ्याला माझ्यासमोर कमी करून ठेवलं, आणि ते मी विसरणार नाही. निघायला सव्वा तास गेला. किल्ल्याला अर्धा तास आणि दुकानाला सव्वा तास. गाडीवाला बाहेर निवांत चहा पीत होता.

मग वेरूळ. फाटक बंद. आत झाडं, झाडांच्या मागं काळा डोंगर, आणि एक पहारेकरी. मला वाटलं जेवायची सुट्टी असेल. त्यानं लांबूनच सांगितलं, "आज मंगळवार हाय मावशी. उद्या या."

मी गाडीवाल्याकडं वळले. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत असंल."

अंगाची लाही लाही झाली माझ्या! आम्हाला माहीत असतं तर आम्ही बंद फाटक बघायला २४०० रुपये देऊन आलो असतो का? कोण येतं असं? इतक्या लांबून आलेल्या माणसाला माहीत नाही हे तुला कळलं होतं, म्हणूनच तू गप्प बसलास. सांगितलं असतं तर आम्ही मंगळवारी अजिंठ्याला गेलो असतो, अजिंठा त्या दिवशी उघडा होता. पण अजिंठा शंभर किलोमीटर, डिझेल जास्त, दुकानाचा थांबा हुकला असता. काय म्हणून सांगशील?

बाजूलाच घृष्णेश्वर. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट काढावा लागतो. ह्यांनी शर्ट काढून हातावर घेतला आणि रांगेत माझ्यापुढं उभे राहिले. उन्हानं रापलेली मान आणि खाली पांढरी पाठ. मला तिथं रडू आलं. ज्योतिर्लिंगासमोर उभी राहून मी त्या दोघांना शिव्या देत होते, देव माफ करो.

संध्याकाळी लॉजवर मी भांडले. हे म्हणत होते जाऊ दे, मी नाही जाऊ दिलं. काउंटरवरचा म्हणतो, "आम्ही गाडी दिली, गाडी फिरली, आमचं काय चुकलं?" उरलेले १४०० त्यानं मोजून घेतले. बुधवारी थांबता आलं नसतं का, असं विचारणाऱ्यांनी आमच्या घरी येऊन बघावं. जाऊबाईंना बुधवारी माहेरी निघायचं होतं, हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी होती, आणि खिशात जिंतूरच्या तिकिटापुरते उरले होते.

आमच्या गावात कोणी परका माणूस फाट्यावर उतरला आणि दवाखान्याकडं निघाला, तर पानपट्टीवाला तिथूनच ओरडतो, "आज डॉक्टर बसत नाहीत हो, उद्या या." त्याचा काय फायदा असतो त्यात? बाजार कोणत्या वारी, बँक कधी बंद, शेवटची गाडी किती वाजता, हे न विचारता सांगतात लोक. प्रत्येक लॉजच्या काउंटरवर दोन ओळी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. पाटी रंगवायला किती रुपये लागतात? मी देते.

बुधवारी दुपारी घरी पोचलो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. हातपाय धुवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कैलास बघितलं का रं?"

हे पायातली चप्पल काढत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बघितलं की. लई मोठं हाय."

१९ वर्षांत ह्या माणसाला मी आईशी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं.