आधी भरीत, मग बॉनेट

जुनी गाडी घ्यायचं मनात आलंय ना? मग घरी काही बोलू नका. चोपड्याकडच्या एका खळ्यात बारा वर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी मोटार आहे, 'मालक अडलाय, पडेल भावात देईल' ही बातमी टपरीवर मिळाली म्हणजे ती खरीच. अडलेला माणूस बारा वर्षं कशाची वाट बघत होता, हे विचारून चहा कडू करू नये.

जाण्याची वेळ मात्र सांभाळा. हिवाळ्यात जायचं, तेही दिवस मावळताना. मालकांना, म्हणजे आप्पांना, आदल्या दिवशी फोन गेलेला असतो, त्यामुळे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला पडलेली असतात. 'आधी गाडी बघू' म्हणालात तर आप्पांना वाईट वाटतं. "गाडी काय पळी जाई का भाऊ?" असं ते विचारतात, आणि त्यांच्या अख्ख्या बोलण्यात शंभर टक्के खरं असं हेच एक वाक्य असतं. भरीत, पुरी, वर ठेचा. बॉनेट उघडेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि तुम्ही आप्पांचं मीठ खाल्लेलं असतं. तपासणीला याहून चांगली मनःस्थिती नाही.

आता पत्रा. खान्देशात गाडी गंजत नाही, हे तुम्हाला तिथे तिघं जण तरी सांगतील. मे महिन्यात पारा ४५ वर, गंज चढायला हे काय कोकण आहे? मुद्दा बिनतोड आहे. डिकीत खताच्या गोण्या ठेवत होते, हे कोणी सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही. केळीवाल्याच्या घरी युरियाला जागा लागतेच, आणि बंद डिकीइतकी कोरडी जागा दुसरी कुठली? युरिया हवेतलं पाणी ओढतो आणि पत्र्याला पाजतो. मी घेतलेल्या गाडीच्या डिकीत गोणीचा तळ जसाच्या तसा उमटला होता, शिवणीच्या टाक्यांसकट, तपकिरी. मला तो डाग वाटला. पुसायला बोट लावलं तर बोट थेट खालच्या मातीला लागलं. शेजारीच बैल बांधायचे. बैलांची तोंडं ज्या गाडीकडे असतात तिचा पत्रा बरा राहतो. आमच्या गाडीकडे त्यांची पाठ होती.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी आणि फ्लोअर गेला म्हणजे कणाच गेला. म्हणून मॅटिंग उचलू नका. जॅक तर मुळीच लावू नका. गाडी वर जायच्या ऐवजी जॅक आत जातो, आणि चारचौघांत ते बरं दिसत नाही. काही संशयी लोक फडक्यात लोहचुंबक गुंडाळून पत्र्यावर फिरवतात. जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी भरलेली, असं म्हणतात. तुम्ही हात फिरवा आणि "जुन्या काळचा पत्रा!" म्हणा. आप्पांचे डोळे पाणावतात.

इंजिनाचं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "बॅटरी टाकी का चालू व्हई जाई." मग लगेच बॅटरी लावून स्टार्टर मारायचा. आमचे मिस्त्री म्हणतात, आधी इंजिनाचे स्पार्क प्लग काढून भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडा, आठ-दहा दिवस मुरू द्या, मग हलवून बघा. हे काय लोणचं आहे? पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसल्या असतील तर स्टार्टरच्या एका हिसक्यात काय काय होतं, हा अनुभव ज्याचा त्यानेच घ्यावा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी उतरलंय असलं काही मनात आणू नका, बिनसाखरेचा चहा समजा. टाकीतल्या पेट्रोलचं एव्हाना वार्निश झालेलं असतं, ते कार्बोरेटर बघून घेईल. ब्रेक दाबून बघायची गरज नाही. उभी गाडी थांबलेलीच असते. टायरवर नक्षी भरपूर असते, चालवलेत कुठे? बाजूला चार आकडे असतात, २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. हे वाचता येत असेल तर चष्मा घरी विसरा.

कागदांचं मात्र ऐकून घ्या. गाडी १९८६ ची, पण आप्पा तिला 'विंटेज' म्हणतात. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीलाच तो मान आहे, तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही. आप्पांचा नियम सोपा आहे: आप्पांचं लग्न ज्या गाडीने लागलं ती विंटेज. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या पुनर्नोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, हे त्यांना सांगून बघा. ते तुम्हाला अजून एक पुरी वाढतील. आरसी बुक घरातल्या वडीलधाऱ्या तात्यांच्या नावावर, तात्या देवाघरी, एक वारस सुरतेला, एक भुसावळला, आणि बांधावरून दोघांचं बोलणं बंद. सह्या काय, होतील.

हे सगळं पाळून मी सौदा केला. इसार दिला आणि मागचं दार उघडलं, तर सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. आप्पा म्हणाले, पिल्लं निघाल्याशिवाय गाडी हलणार नाही. एकवीस दिवस! दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मिस्त्रींनी प्लग काढून ऑइल सोडलं. बाविसाव्या दिवशी टायरांत हवा भरली, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि चौघांनी मागे-पुढे ढकलली, तर इंजिनाला जोडलेला फॅन फिरला. इंजिन मोकळं होतं. मिस्त्रींनी श्रेय ऑइलला दिलं, आप्पांनी तात्यांना. कोंबडी आणि पिल्लं आप्पांनी ठेवून घेतली, त्यांचं सौद्यात बोलणं झालं नव्हतं.